आंबटात तगलेले

सोसणं हाच सजीवांचा सर्वांत थोर गुण आहे, असं आमच्या कांदिवलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी नळाला पाणी नसलं की सांगतात. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीकडे बघून मला ते पटायलाही लागलं होतं.

ती अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत जिवाणू वाढवते. ते साखर खाऊन आम्ल तयार करतात, दह्यात असतं तेच. त्यापासून मातीत कुजणारं प्लास्टिक बनतं. अडचण एवढीच की स्वतःच केलेल्या आम्लात ते मरतात. म्हणून ती त्यांना दर खेपेला थोडं जास्त आंबट द्यायची आणि जे तगतील तेच पुढे वाढवायची. ते तगले नाहीत तर तिचं कामच बंद होणार होतं.

संध्याकाळी गच्चीवर ती नॅशनल पार्कच्या डोंगराकडे बघत उभी असायची. बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडायची, जणू तेही जिवाणूंसारखं प्रयोगशाळेत उबेला ठेवून आली आहे.

"काय म्हणतात पोरं?" मी विचारायचो.

"रुसलीत, काका. कालपासून वाढच नाही. पण ना..."

पुढचं वाक्य येईपर्यंत डोंगर निळा होऊन विरघळून गेलेला असायचा.

एका रविवारी ती पेढे घेऊन आली. "जगली, काका! एवढ्या आंबटात, एकदम मजेत!"

सेक्रेटरींनी दोन पेढे खाऊन सोसण्यावर पुन्हा भाषण केलं.

पुढच्या आठवड्यात तपासणीचा निकाल आला. जगलेल्या जिवाणूंनी आम्ल करणंच सोडून दिलं होतं.