आट्यांवरचं नाव

जुन्नरच्या बाजारात कॅमेरे दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. त्याचं नाव मी विचारलं नाही. आमचे मालक बोरीत लग्नाचे फोटो काढायचे. ते गेले, कॅमेरा गंजला, लेन्स तेवढी राहिली. नातीला आजोबांची ती लेन्स वापरायची होती, म्हणून मी कॅमेऱ्याची जुनी बॉडी घ्यायला गेले.

"आट्यांची लेन्स हाय आजी, स्क्रूवानी फिरवून बसती, बॉडीबी आट्यांचीच लागंल," तो म्हणाला. त्यानं तीन जुन्या बॉड्या काढल्या. लेन्स हळूच फिरवायचा, अडली की थांबायचा. जोर कधी केला नाही. तिन्ही बॉड्यांवर ती अर्ध्या फेऱ्यात अडली.

"म्हातारी बघून भंगार गळ्यात मारतो व्हय रं?" मी भर दुकानात ओरडले. गिऱ्हाइकं बघायला लागली.

लेन्स उलटी करून त्यानं बारीक बघायचं भिंग माझ्या हातात दिलं. आट्यांवर मालकांचं नाव ठोकलेलं होतं, त्यानं आटे चेपले होते. सुटी लेन्स चोरीला जाऊ नये म्हणून हंड्याकळशांबरोबर मीच ते घालून घेतलं होतं. त्यानंतर मालकांनी फोटो काढणं सोडलं. "डोळं गेलं आता," एवढंच म्हणाले. तेव्हा मला ते खरं वाटलं.

"कुणी केलं हे?" त्यानं विचारलं.

"भांड्यांवर नावं घालणाऱ्यानं," मी म्हणाले.

"घासून बसवतो. पण नाव जाईल. चालंल?"

"जाऊ दे."

त्यानं कानस चालवली, पुसलं, पुन्हा फिरवलं. लेन्स शेवटपर्यंत बसली, मी भंगार म्हटलेल्या बॉडीवरच. माफी मागायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "नीट बांधून दे."