वाढणारं प्लॅस्टिक

शेजारच्या क्वार्टरमधल्या कुटुंबाची बदली दक्षिणेकडे झाली आणि ट्रकमध्ये जागा उरली नाही, म्हणून त्यांची तीन फुटी काचेची माशांची टाकी आमच्याकडे आली. मासे त्यांनी आधीच कुणाकुणाला देऊन टाकले होते. आली ती नुसती टाकी, बुडबुडे सोडणारी एक मोटर आणि पिशवीभर गोटे. सासूबाईंनी टाकीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "एवढ्या मोठ्या बरणीत काय घालणार? लोणचं?"

भोपाळच्या त्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्ही पुण्याहून येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. नवरा कारखान्यात इन्स्पेक्शनला इंजिनिअर. बाकीचे लोक माल बनवायचे आणि हा तो नाकारायचा. वीतभर जाड पोलादातली केसाएवढी चीर त्याला सापडायची, आणि सापडली की मनापासून आनंद व्हायचा. घरीही तेच. हातगाडीवरचा भोपळा तो टिचकी मारून बघायचा. लग्नाआधी मला बघायला आला तेव्हा आमच्या खिडकीची बिजागरी सैल आहे हे त्याने माझ्या वडिलांच्या नजरेला आणून दिलं होतं. मला पास केलं एवढं खरं; कोणत्या शेऱ्यासह, ते कधी कळलं नाही.

मासे कुठले घ्यायचे हे आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने सोनागिरीच्या बाजारातल्या दुकानात पाच मिनिटांत ठरवलं. चार गोल्डफिश. प्रश्न आला तो झाडांचा. टाकीत झाडं खरी लावायची की प्लॅस्टिकची?

दुकानदार समजावणीच्या सुरात म्हणाला, "असली लोगे साहब, तो सेवा करनी पड़ेगी. रोशनी दो, सड़े पत्ते निकालो. और ये गोल्डफिश खाती भी है, उखाड़ती भी है. नकली लगाओ, छुट्टी."

"फिर असली का फायदा क्या?" नवऱ्याने विचारलं.

"फायदा ये कि वो असली है."

हे उत्तर कुठल्याही तक्त्यात बसणारं नव्हतं. तरी नवऱ्याने तक्ता केलाच. कारखान्यात कुठलीही वस्तू घ्यायची तर तुलना मांडल्याशिवाय पान हलत नसे, आणि इथे तर प्रश्न पानांचाच होता. डावीकडे जिवंत, उजवीकडे प्लॅस्टिक. जिवंत झाडं पाण्याला प्राणवायू देतात, माशांची घाण शोषून घेतात. पण त्यांना रोजचा उजेड लागतो, कुजली तर पाणी नासतं आणि त्यांच्याबरोबर गोगलगायी येतात. प्लॅस्टिक मरत नाही, पण देतही काही नाही. पाती कडक असली तर माशांचे पर फाटतात, आणि शेवाळं धरलं की घासत बसावं लागतं. तीन आठवडे तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली होता. तोवर मासे उघड्या गोट्यांवर भाड्याच्या रिकाम्या घरात राहिल्यासारखे राहत होते.

निर्णय शेवटी झाला तो तक्त्यात नसलेल्या दोन कारणांनी. एक, अरेरा कॉलोनीत राहणारी माझी नणंद. तिच्या टाकीत जांभळी आणि गुलाबी प्लॅस्टिकची झाडं होती, आणि तिच्यासारखं आपण काही करायचं नाही हा आमच्या घरचा नियम होता. दुसरं कारण सासूबाई. त्या म्हणाल्या, "देवाला मी कधी प्लॅस्टिकचा हार घातलाय का? मग त्या मुक्या जिवांना प्लॅस्टिकचं रान कशाला?"

खऱ्या झाडांच्या पाच जुड्या आल्या. नवऱ्याने त्या फूटपट्टी धरून सारख्या अंतरावर लावल्या. चौथ्या दिवशी मुलगी ओरडली, "आई, बघ ना, मछली पूरा गार्डन खा रही है!" खरंच खात होते. उरलेली पानं पिवळी पडून कडेने विरघळायला लागली. नवऱ्याने कारणमीमांसा सुरू केली. ट्यूबलाइट आठ तासांऐवजी दहा तास लावली, मग सहा तास. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग घातलं. एका वहीत रोज झाडांची उंची लिहायला लागला. उंची रोज कमी होत होती, पण नोंदी अगदी सुवाच्य होत्या.

वाढल्या त्या फक्त गोगलगायी. झाडांबरोबर एखादी आली असेल, महिन्याभरात काच त्यांनी भरली. सासूबाई सकाळी चमच्याने एकेक काढून डब्यात घालायच्या आणि बागेतल्या हौदात नेऊन सोडायच्या. "माझ्या हातून हत्या नको," म्हणायच्या. बागेच्या माळ्याने पुढे त्यांना बागेत यायची वेळ विचारायला सुरुवात केली, म्हणजे त्या वेळी त्याला तिथे हजर राहता येईल.

त्याच सुमारास टाउनशिपच्या महिला मंडळाने गृहसजावटीची स्पर्धा जाहीर केली. मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे जनरल मॅनेजर साहेबांच्या पत्नी. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्या स्वतः घरोघरी येऊन परीक्षण करणार होत्या. आमच्या बैठकीच्या खोलीत शिरल्या शिरल्या दिसायचं ते टाकीतलं पिवळ्या काड्यांचं रान. नवरा तेव्हा कुठल्याशा गावी पुरवठादाराचा माल नाकारायला दहा दिवसांच्या टूरवर गेला होता.

मी सोनागिरीला गेले. दुकानदाराने मला बघून काही न विचारता वरच्या फळीवरचा डबा खाली घेतला. त्यातली झाडं कडक नव्हती, मऊ कापडासारख्या पानांची होती, आणि हिरवा रंगही बेताचा, जरा मळकट. "ये वाली कोई पकड़ नहीं सकता, मैडम," तो म्हणाला. मी चार घेतली आणि उरल्यासुरल्या खऱ्या काड्यांच्या मधोमध गोट्यांत रोवली. सासूबाई तेव्हा देवळात होत्या. त्यांना सांगायचं असं मी ठरवलं होतं, आणि त्या आल्यावर उद्या सांगू असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. टाकीसमोर थांबल्या. "अरे वाह! कितने हेल्दी हैं! असली हैं न?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी सासूबाई बोलल्या, त्यांच्या खास हिंदीत, मान ताठ करून: "हमारे घर में प्लास्टिक का कुछ चलताच नहीं!"

मी तोंड मिटलं.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, सरबताच्या सहा ग्लासांचा सेट. नवरा टूरवरून आला, बॅग दारातच ठेवून टाकीपाशी गेला आणि कितीतरी वेळ उभा राहिला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. केसाएवढी चीर बघणारा माणूस. आता वळेल आणि विचारेल. तो वळला. त्याचा चेहरा इतका उजळलेला मी मुलीच्या जन्मानंतर पाहिला नव्हता.

"सहा तासांचा उजेड," तो म्हणाला. "हेच चुकत होतं. आपण जास्त देत होतो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा टाकला.

वही पुन्हा सुरू झाली. तीन दिवस त्याने उंची मोजली, तिन्ही दिवस आकडा तोच. चौथ्या दिवशी त्याचा चेहरा उतरला, डबा न घेताच कामाला गेला. मला राहवेना. दुपारी बाही वर करून मी एक झाड गोट्यांतून थोडंसं वर ओढलं. संध्याकाळी त्याने फूटपट्टी लावली आणि मला हाक मारली, "अगं, अर्धा इंच!"

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा झाडं वाढवत असे. पानांवर बारीक तपकिरी शेवाळं बसलं, त्यामुळे ती मलाही अधूनमधून खरी वाटायला लागली. नवऱ्याने वहीतल्या आकड्यांचा आलेख काढला. तो कारखान्यात नेऊन दाखवला. रविवारी इतर क्वार्टरमधून लोक झाडं बघायला यायला लागले, आणि तो त्यांना उजेडाबद्दल, पाण्याबद्दल आणि मुख्य म्हणजे धीराबद्दल समजावून सांगायचा. सासूबाई लोकांना चहा देताना एवढंच म्हणायच्या, "खऱ्याला वेळ लागतो."

मग एक दिवस तो घरी आला तो पायऱ्या दोन-दोन चढतच. जनरल मॅनेजर साहेबांनी त्याला बोलावलं होतं. मॅडमना त्यांच्या बंगल्यातल्या टाकीसाठी आपल्या झाडाची एक फांदी हवी होती. "साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले," तो सांगत होता, "धीर धरला तर काय होतं, ते यांच्या घरी जाऊन बघा."

"फांदी कशाला? दुकानातून नवंच आणून देऊ," मी म्हटलं.

"छे! त्यांना आपलंच हवंय."

रविवारी सकाळी त्याने बाही दुमडली, कात्री घेतली आणि पाण्यात हात घातला. कात्री चालेना. त्याने जरा ओढलं, तर झाड मुळासकट वर आलं. मूळ म्हणजे एक हिरवी गोल चकती. त्याने ती खिडकीपाशी उजेडात नेली आणि कारखान्यात फिरवत असेल तशी बोटांत फिरवली.

"ही साच्याची रेघ आहे," तो म्हणाला.

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"तुम्ही टूरवर होता तेव्हापासून."

"आणि वाढ?"

"मी ओढत होते."

त्याने थोडा विचार केला. "रोज?"

"नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीत बसला आणि त्याने वही उघडली. मंगळवार आणि शुक्रवार बोटाने शोधत बसला. मला पहिल्यांदाच लाज वाटली. तोवर मला वाटत होतं की मी त्याला आनंद देतेय. वहीतल्या त्या नोंदी बघताना दिसलं, की मी आठवड्यातून दोनदा दुपारी त्याची गंमत करत होते आणि तो संध्याकाळी ती गंमत शाईने लिहून काढत होता.

"साहेबांना जाऊन खरं सांगतो," म्हणून त्याने बूट घातले. फाटकापर्यंत गेला. परत आला. "सांगू कसं? त्यांनी माझं उदाहरण मीटिंगमध्ये दिलंय," म्हणाला. "आता मी खोटा ठरलो तर तेही ठरतात." एवढी वर्षं त्याने ज्या सबबी न मानता लोकांचा माल परत पाठवला होता, त्यांतलीच ही एक होती, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आम्ही दोघं सोनागिरीला गेलो. साधारण तशाच पानांचं एक खरं रोप शोधलं, पिशवीत पाणी भरून त्यात ठेवलं आणि बंगल्यावर पोचतं केलं.

महिनाभराने मॅडमनी आम्हाला चहाला बोलावलं. बंगल्याच्या दिवाणखान्यात आमच्या दुप्पट मोठी टाकी होती आणि तिच्या मध्यभागी रोप उभं होतं. चांगलं भरलेलं, टवटवीत. "आप ही का है," मॅडम म्हणाल्या. "देखिए कितना बढ़ गया!"

नवरा उठून टाकीजवळ गेला. वाकला. मला त्याची फक्त पाठ दिसत होती, पण ती पाठ मी ओळखते. माल हातात आला की तो असाच वाकतो. साहेब चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे बघत होते. मॅडम पदर सारखा करत होत्या, तो सारखाच होता तरी. मी मनात म्हणत होते, आज नको. आज बघू नका.

तो सरळ झाला. "छान आलंय," म्हणाला.

मॅडमनी श्वास सोडला आणि आम्हाला आणखी समोसे घ्यायचा आग्रह केला.

परतताना आम्ही कारखान्याच्या भिंतीकडेने चालत होतो.  मग तो म्हणाला, "आपल्याच दुकानातलं. वरच्या फळीवरचं." आणि तो हसायला लागला. रस्त्यात थांबून, विजेच्या खांबाला हात टेकून हसला. सायकलवरून जाणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं. मीही हसले, पण मला सासूबाई आठवत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. प्लॅस्टिकबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. "मग त्या बाईसमोर मी बोलले तेव्हा तू शेजारीच उभी होतीस," एवढंच म्हणाल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ताटं वाढताना म्हणाल्या, "माझ्या तोंडून खोटं वदवलंस. पुन्हा असं करायचं असेल तर आधी सांग, मी आत जाऊन बसेन."

प्लॅस्टिकची झाडं काढली. दुकानदाराला आमचा हा सारा प्रवास माहीत होता, त्याने या वेळी न मागता जाड, काळपट पानांचं एक झाड दिलं. गोट्यांत रोवायचं नाही, दोऱ्याने दगडाला बांधायचं. पानं कडवट, त्यामुळे गोल्डफिश तोंड लावून सोडून देतात. उजेडही फारसा लागत नाही. दिसायला अगदीच साधं. नवऱ्याने वही घेतली नाही. महिना-दीड महिन्याने एखादं नवीन पान यायचं, बोटाच्या पेराएवढं, आणि ते आधी सासूबाईंना दिसायचं. बघायला कुणी आलं नाही.