बँडात न बसलेली ओवी

शेवटचं आमी नवराबायकोनी मिळून काय केलं, तर कालव्यावर वाकळ पिळली. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. ती म्हणली, अवो, आपण ही नुसती फिरवतोय, पाणी कुठं गळतंय? पीळ माझाच उलटा होता, पण मी कबूल केलं न्हाय. पिळता पिळता तिनं परत तेच काढलं, मास्तरांना कधी विचारणार? म्हणलो, लगीनसराई सरू दे. हे मी सात वर्षं म्हणत होतो.

मास्तर म्हंजे आमच्या बारामतीच्या बँडचे मालक. मी त्यात मोठा ढोल वाजवायचो. पोट आधीच पुढं, त्यावर ढोल, त्यामुळं मांडवात माझ्याआधी ढोलच पोचायचा. ती गायची. निमगाव केतकीच्या मेंढरंवाल्यांची पोर. पहिल्यांदा गायली ती कळंबला. आमच्या नात्यातलंच लगीन होतं, म्हणून ही वऱ्हाडात होती. आमचा गाणारा गडी पंगतीत इतका जेवला की त्याला उभं ऱ्हाता येईना. हिनं पदर खोचला आणि भोंग्याच्या गाडीवर चढली. मास्तर म्हणले, बाईमाणूस गाडीवर कसं? ही म्हणली, मग भोंगा खाली उतरवा.

तवा गावोगावी डीजे आला नव्हता. लोक ‘त्या बाईचा बँड’ म्हणून बोलवाय लागले. मला विचारायचे, तुमी कोण? मी सांगायचो, ढोल.

आवाज जाडा, जरा चिरलेला. सूर ओढून धरायची. नाचायचं गाणं बी असं म्हणायची की नाचणारा मधीच थांबून आईकडं बघायचा. पण तिला म्हणायची होती एक ओवी. तिच्या आईनं जात्यावर म्हणलेली, संथ, आणि तीसुद्धा सगळा बँड मागं लावून. मास्तर हसले. वहिनी, ह्यावर नाचंल कोण, घोडं बी झोपंल. मग तिनं मला पुढं घातलं. म्हणायची, आई गेली, आता ती ओवी फक्त माझ्या तोंडात हाय, माझ्यासंगं जाईल. मी ऐकून घ्यायचो. मास्तरांची भीती न्हाय, हशाची होती.

एकदाच जमलं. सोमेश्वरनगरला एकाच तिथीला दोन लगनं. लगनाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला परण्या म्हणतात. मास्तर मागनं येणार होते. आमी दिसला त्या मांडवात शिरलो आणि दिसला तो नवरदेव घेऊन निघालो. गरिबाघरचं लगीन, त्यांनी बँड सांगितलाच नव्हता. पण आलेल्या बँडाला नको कोण म्हणतं? नवरदेवाचा मामा तर मला म्हणला, जरा जोरात हाणा. अर्ध्या वाटंवर दुसऱ्या मांडवातली माणसं शोधत आली, तवा उजेड पडला. मी म्हणलो, चल, फिरू माघारी. ती म्हणली, “आधी ह्याला मारुतीला पोचवू. अर्ध्यात टाकला तर जन्मभर बोलतील त्याला.” आणि मास्तर न्हाईत हे बघून तिनं ओवी धरली.

मेंढरं गेली दूर, माळ मागं एकला
वाटंच्या धुळीमंदी बाप माझा झाकला

बाकीच्यांनी बाजे खाली केले, त्यांना काय वाजवावं कळंना. मी एकटा ढोलावर हळू हळू मारत ऱ्हायलो. नवरदेव घोड्यावर रडला. मामा म्हणला, बँड चांगला हाय, पण आमचं पोरगं आजच सासरी निघालं का काय? मास्तर आल्यावर जे बोलले ते लिहिण्यासारखं न्हाय. परत येताना टेम्पोत ती म्हणली, नुसत्या ढोलावर झालं, आता सगळ्या बाज्यांवर पायजे.

वाकळ वाळत घातली त्या दुपारी, जरा पडते म्हणली, ती उठलीच न्हाय. सांजच्याला सगळं उरकलं.

सकाळी भावकी दारात बसलेली. सुतकात कुठं निघाला म्हणत होते. मी चपला घातल्या. सुतक्यानं वाद्यांना शिवू नये, म्हणून बँडच्या दुकानासमोर रस्त्यातच उभा ऱ्हायलो. मास्तर धावत आले, मला धरायला लागले. म्हणलो, “शिवू नका, मास्तर. तिची ती ओवी बसवा.”

ते खाली बघून म्हणले, “तात्या, चाल येती कुणाला?”

मग मीच म्हणली, भर रस्त्यात. माझा गळा म्हंजे रिकाम्या पिंपात दगूड. जाणारे येणारे थांबले, एक-दोघं हसले बी. क्लॅरनेटवाल्यानं दुकानातनं पहिली ओळ फुंकली. चुकली. म्हणलो, न्हाय, अजून ओढून. आणि परत पहिल्यापासनं म्हणली.