अकराव्या बाकावरची उत्तरपत्रिका

आधीच कबूल करतो, या सदरातल्या भुताखेतांच्या गोष्टी मी मिटक्या मारत वाचतो आणि एकीवरही विश्वास ठेवत नाही. कसा ठेवणार? इंदापूर-बारामती रस्त्यावर भर दुपारी लिफ्ट मागणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट तुमच्यापैकी कोणी ऐकली असेल, तर ती मी रचलीय. शाळेच्या सहलीत बस पंक्चर झाली होती आणि मुलांना गप्प बसवायचं होतं. चार वर्षांनी तीच गोष्ट एका रिक्षावाल्यानं मला 'माझ्या मेव्हण्याला आलेला अनुभव' म्हणून ऐकवली. त्यानं म्हाताऱ्याच्या हातात कंदीलही दिला होता. भर दुपारी कंदील... मी मनातल्या मनात त्याला दाद दिली. मला सुचला नव्हता.

तर मी असा माणूस. वय त्रेपन्न, इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो, गॅदरिंगला नाटकं बसवतो, आणि गावातली दोन-तीन भुतं माझ्या नावावर आहेत. त्यामुळे पुढचं सगळं खरं असूनही घरात कोणी ऐकून घेत नाही. म्हणून तुमच्याकडे आलोय.

गेल्या वर्षीचा मे महिना. माझी भाची वैष्णवी, लोणी भापकरची, दहावीला बसली होती. बाकी विषय सुटले, गणित राहिलं. आता गंमत ऐका. या पोरीला गणित येतं. विहिरीवरची मोटार बंद पडली की स्टार्टर उघडून बसते, कुठली तार कुठं जाते ते कागदावर काढून दाखवते. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला जायचं होतं. जूनअखेरीस फेरपरीक्षा होती.

तिचे वडील माळेगावच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतात. दाजी तिला मोटरसायकलवरून माझ्याकडं सोडायला आले. चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले,

"सर, ह्यो एक डाव बघतो. सुटलं तर आयटीआय. न्हाय सुटलं तर घरी बसंल, आईच्या हाताखाली. सारखं सारखं ह्ये टेन्शन मला झेपत न्हाय."

"दाजी, तुम्ही स्वतः दहावीला किती वेळा बसला होता?"

"ते इथं काढू नका," दाजी म्हणाले आणि चहा संपवून निघाले.

मी वैष्णवीला विचारलं, नेमकं होतं काय? ती नखानं टेबल खरवडत बसली होती.

"मामा, मला गणित येतं. हॉलमधी येत न्हाय. सगळी गप झाली की हात गार पडतो. मग दोन प्रश्न झाले की पुढचं अक्षरच दिसत न्हाय."

म्हणजे गणित शिकवून उपयोग नव्हता. हॉल शिकवायला हवा होता. आणि हॉल उभा करणं म्हणजे नाटक... ते माझं खातं.

दरवर्षी बोर्डाची परीक्षा झाली की मी गणिताच्या प्रश्नपत्रिका जपून ठेवतो. त्यातल्या मागच्या सात-आठ वर्षांच्या काढल्या, मार्चच्या आणि फेरपरीक्षेच्याही, प्रत्येकीच्या बारा झेरॉक्स. आमच्या शाळेच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली आहे, जादा बाक ठेवायला वापरतात. सुट्टी होती. शिपाई नामदेवतात्यांकडून किल्ली घेतली. तीन रांगा, बारा बाक. प्रत्येक बाकावर खडूनं क्रमांक, वर एक कोरी उत्तरपत्रिका आणि उलटी ठेवलेली प्रश्नपत्रिका. वैष्णवीला बसवलं दहाव्यावर, म्हणजे तिच्यापुढे एक बाक आणि मागं दोन. रोज सकाळी अकरा ते एक, बोर्डाची वेळ. मी इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा नाकावर आणून, "मागे वळून पाहू नये, एकमेकांशी बोलू नये" असं खर्जात म्हणायचो. ती पहिल्या दिवशी हसून हसून बाकावर पडली.

आणि इथं मी ती चूक केली. अठ्ठावीस वर्षं सुपरवायझरचं काम केलेल्या माणसानं करू नये अशी.

बोर्डाचा नियम साधा आहे. जो आला नाही त्याच्या क्रमांकासमोर लाल पेनानं 'गैरहजर' लिहायचं. मी हजेरीपत्रकही आखलं होतं, नाटक म्हणजे पूर्ण नाटक. पण अकरा वेळा लाल शाईत गैरहजर लिहिलं असतं तर पोरीला रिकामा हॉलच दिसला असता. मला भरलेला हवा होता. म्हणून मी बाराच्या बारा क्रमांकांसमोर निळ्या पेनानं झोकात लिहून टाकलं — हजर.

पहिले तीन दिवस रडगाणं. दुसऱ्या प्रश्नानंतर पेन थांबायचं, ती खिडकीकडं बघत बसायची. चौथ्या दिवशी मात्र तिनं पाचही प्रश्न लिहिले. एक वाजता मी तिची पाठ थोपटली. विचारलं, आज काय चमत्कार?

"मागची लिहीत हुती न्हवं," ती म्हणाली. "सारखं पेन चालू. मग मला बी लिहू वाटलं."

मी खूश झालो. म्हटलं, भाची माझ्यावर गेली, माझंच नाणं मला परत देतेय. हसतच मी बाकांवरच्या कोऱ्या उत्तरपत्रिका गोळा केल्या. नववी कोरी. अकरावी...

अकराव्या बाकावरच्या उत्तरपत्रिकेत पहिला प्रश्न सोडवलेला होता.

डावीकडं झुकलेलं बारीक अक्षर. समास सोडलेला. पायऱ्या बरोबर, पण शेवटचं उत्तर कुठंच लिहिलेलं नाही. वैष्णवीचं अक्षर म्हणजे पावसात भिजलेली मुंगी, ते हे नव्हतं. शिवाय दोन तास ती माझ्या समोर होती. आणि मुख्य म्हणजे त्या बाकावर पेनच नव्हतं. अकरा पेनं मी कुठून आणणार होतो?

मला पहिला संशय आला तात्यांचा. ते माझ्या वरताण आहेत. पण तात्या त्या दिवशी लेकीकडं भिगवणला गेले होते.

मग मी एक मास्तरी चाळा केला. ती उत्तरपत्रिका तपासली. चाळीसपैकी सहा. आणि सवयीनं समासात शेरा मारला, 'अंतिम उत्तर लिहून अधोरेखित करावे.' दुसऱ्या दिवशी तीच उत्तरपत्रिका, शेऱ्यासकट, अकराव्या बाकावर परत ठेवली. खाली दुसऱ्या वर्षाची प्रश्नपत्रिका. हजेरीत पुन्हा बारा हजर.

यावेळी मी खुर्ची ओढून अशी बसलो की अकरावा बाक नजरेतून सुटू नये. वरचा पत्रा तापून मधूनच कट्... कट् करत होता. बाहेर कुठं पाण्याचा टँकर रिकामा होत होता. वैष्णवी खाली मान घालून लिहीत होती. आणि मला दोन पेनांचा आवाज येत होता. एक तिचं, दाबून चालणारं. दुसरं हलकं, भरभर, मध्येच थांबणारं.

मी बाकाकडं टक लावली. कागद तसाच. काही हलत नव्हतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघितलं. मग घड्याळाकडं एक नजर टाकली, पुन्हा पाहिलं, तर पानावर दोन ओळी वाढल्या होत्या. उत्तराखाली दोन रेघा मारलेल्या.

शेरा वाचला गेला होता.

उठून पळावं असं वाटलं, पण सुपरवायझर हॉल सोडत नाही. आणि समोर माझी भाची चौथा प्रश्न लिहीत होती, जो कालच्या आधी तिनं कधीच लिहायला घेतला नव्हता. साडेबाराच्या सुमारास मान वर न करता, मागं न वळता, ती हळूच म्हणाली,

"मामा, मागं पुरवणी पाहिजेल."

पुरवणी म्हणजे जादा कागद. मी टेबलावरून एक उचलला, सोबत बांधायला पांढरा दोरा. दहा पावलांचं अंतर. मी रंगमंचावर हजार लोकांसमोर मेलेलो आहे, कधी कशाला धरावं लागलं नाही. त्या दिवशी बाकांना धरत गेलो. उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान खरंच भरलं होतं. मी पुरवणी ठेवली आणि पाठ न दाखवता मागं आलो.

एक वाजला तेव्हा पुरवणी उत्तरपत्रिकेला जोडलेली होती. दोऱ्याला घट्ट गाठ होती, सुरगाठ नव्हे, बोर्डाला लागते तशी.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैष्णवीला न सांगता हजेरीपत्रक काढलं आणि अकराव्या क्रमांकासमोर लाल पेनानं लिहिलं — गैरहजर. बाकावरची उत्तरपत्रिका उचलून घेतली. नियम पाळला, विषय संपला.

त्या दिवशी खोलीत एकाच पेनाचा आवाज आला, आणि तोही वीस मिनिटं. मग वैष्णवीनं पेन खाली ठेवलं. हात मांडीखाली दाबून बसली. एक वाजेपर्यंत. तिच्या पानावर दीड प्रश्न होता.

"तुमी तिला काढलं," ती म्हणाली.

"कोणाला?"

"मला काय म्हाईत कोण. तुमी मागं बघायचं न्हाय म्हणला, मी बघितलं न्हाय. पण ती बी हॉलला भ्यालेली हाय, मामा. तिचं पेन थांबलं की मी जरा जोरात लिहिते, मग तिचं चालू हुतं. माझं थांबलं की ती लिहिते. तुमी तिला का काढलं?"

मी हजेरीपत्रक कुलपात ठेवलं होतं. तिनं ते पाहिलेलं नव्हतं.

सांगा, तुम्ही काय केलं असतं? एका बाजूला माझी बोबडी वळलेली, दुसऱ्या बाजूला पोरीचा शेवटचा डाव. दुसऱ्या दिवशी मी नवं पत्रक आखलं. अकरावा क्रमांक. निळं पेन. हजर.

अकरा वाजले. काही नाही. अकरा दहा. वैष्णवीनं पहिला प्रश्न संपवला आणि थांबली. अकरा वीस. तिची बोटं पांढरी पडत चालली होती. परीक्षेला अर्ध्या तासानंतर कोणालाही आत घेत नाहीत, हा नियम तुम्हाला माहीत असेलच. मी घड्याळाचा काटा बघत होतो आणि, हसू नका, ज्या गोष्टीनं माझी गाळण उडाली होती ती यावी म्हणून मनातल्या मनात विनवणी करत होतो. अकरा सत्तावीस. अकरा अठ्ठावीस.

अकरा एकोणतीसला मागं पान उलटल्याचा आवाज झाला. मग पेन.

वैष्णवी वर बघत नव्हती, पण तिचे खांदे खाली आले. आणि तिनं लिहायला सुरुवात केली.

असे आणखी नऊ पेपर झाले. मी दोघींचे तपासत गेलो. वैष्णवी तिसावर पोचली, मागची सव्वीसवर. भूमिती तिची कच्ची होती. मी शेरे लिहीत राहिलो, ती सुधारत राहिली.

फेरपरीक्षेचं सेंटर बारामतीत आलं. मी म्हटलं, सोडायला येतो. घरी परतलेली वैष्णवी फोनवर म्हणाली, "तुमी नगा येऊ. आप्पा सोडत्याल मोटरसायकलवरनं. तुमी खोलीत बसा. ती तिथं आली न्हाय तर समजा, माझ्याकडं आलीय."

मी किरकोळ रजा टाकली, कारण 'घरगुती काम'. तोवर शाळा सुरू झाली होती. पुढच्या वर्गांत पाढे चालू होते आणि मागं मी एकटा, बारा कोऱ्या उत्तरपत्रिका मांडून. अकरा ते एक. पत्र्याची कट् कट् सोडून आवाज नाही. अकरावा बाक कोरा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दिसत नसल्याचा मला आनंद झाला, आणि लगेच मनात आलं... इथं नाही, पण तिथं तरी?

सव्वा वाजता फोन आला.

"मामा, समदा लिहिला."

"मागं कोण होतं?"

"मागचा बाक मोकळा हुता. त्या नंबरची पोरगी आलीच न्हाय. बाईंनी लाल पेनानं लिहिलं, मी बघितलं. आन् माझा हात गार पडला. मग मी शेवटच्या पानावर, कच्च्या कामात, पेन्सिलनं बारीक लिहिलं — हजर. आन् मामा, पेन चालू झालं."

"वेडे, उत्तरपत्रिकेत तसलं लिहितात का? मग खोडलंस ना?"

"न्हाय खोडलं. पेपर संपला तरी ती लिहीतच हुती."

वैष्णवी सुटली. आता आयटीआयला आहे. परवा आली तेव्हा माझ्या घरातलं सगळं वायरिंग चुकीचं आहे असं सांगून गेली. दाजींनी पेढे आणले आणि म्हणाले, "सर, काय जादू केली?" मी खरं सांगितलं. ते हसून म्हणाले, "तुमी न्हाय सुधारायचं."

मी चौकशीही केली. त्या खोलीत कधी कोणा मुलीचं काही झालं होतं का? तात्यांची सगळी नोकरी याच शाळेत झाली. ते म्हणाले, "सर, ती खोली बाकांसाठीच बांधली. तिथं आजवर कुणी पेपर दिला न्हाय." म्हणजे गोष्टीला साजेसा शेवटही नाही. मी रचली असती तर एवढी ढिली ठेवली नसती. उत्तरपत्रिका माझ्या कपाटात आहेत, अक्षर अजून फिकट झालेलं नाही, दोऱ्याची गाठ तशीच आहे. याचा अर्थ काय, मला माहीत नाही.

यंदा गावातल्या तीन मुली गणितात राहिल्यात. परवापासून त्याच खोलीत त्यांचे जुने पेपर सोडवून घ्यायचे आहेत. काल पत्रक आखलं. तिघींची नावं लिहिली, आणि अकराव्या क्रमांकाशी येऊन थांबलो. खिशात दोन्ही पेनं होती.

लाल पेन घरी ठेवून आलो. तिचे चाळीसातले अजून चौदा मार्क राहिलेत.