जाळी नव्हती

"काका, हाथ ऊपर कीजिए. और ऊपर. पीछे वालों को भी दिखे."

मिलचे मालक सेठजींनी स्वतःच बाबांचं मनगट धरलं आणि हात वर केला. उजवा हात. त्याला दोन बोटं नाहीत. हॉटेलचा हॉल भरलेला होता. कारखानदार, बँकवाले, मंत्रालयातले अधिकारी, त्यांच्या बायका. मोबाईल वर झाले. लोक बाबांच्या हाताचे फोटो काढायला लागले.

"गलती इनकी थी," सेठजी माईकवर म्हणाले. "फिर भी हमने इनको परिवार माना. इनके लड़के को पढ़ाया. वही लड़का आज आपके सामने खड़ा है."

टाळ्या.

तो लड़का म्हणजे मी. वय अठ्ठेचाळीस. सूट घालून, हात जोडून, स्टेजच्या कडेला हसत उभा. मिलच्या वर्धापनदिनाच्या या सोहळ्याची फिल्म मी बनवली होती. सूत्रसंचालन माझं होतं. बाबांना स्टेजवर बोलवायची कल्पनाही माझीच. हे आधी सांगून टाकतो, कारण नुसत्या सेठला शिव्या देणं सोपं आहे.

रायपूर राजधानी झालं तेव्हा मी तिथल्या तात्यापारा मोहल्ल्यात लग्नाचे व्हिडिओ काढत होतो. नवं राज्य आलं, बाहेरून पैसेवाले यायला लागले आणि इथल्या प्रत्येक कारखानदाराला स्वतःची फिल्म हवी झाली. मी त्या बनवल्या. धूर दिसणार नाही अशा कोनातून चिमण्या दाखवल्या. मजुरांना शूटिंगपुरती नवी हेल्मेट दिली, संध्याकाळी मोजून परत घेतली. मग मला भाषणांना बोलावणी यायला लागली. कॉलेजात, व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात. 'मजूर का बेटा' हे माझं भाषण. बापाचा हात मशीनमध्ये गेला, मालकानं मुलाला शिकवलं, मुलगा मोठा झाला. आवाज कुठे भरून आणायचा ते मला पाठ होतं.

खरं काय झालं ते मी कधीच बोललो नाही.

मी बारा वर्षांचा होतो. बाबा सरकारी दवाखान्यात, हाताला हे मोठं बँडेज. मिलचे मुनीमजी आले. बाबांना मराठी लिहिता यायचं, हिंदी कागद जमत नव्हता. मुनीमजी मला म्हणाले, "बेटा, तेरी लिखावट सुंदर है. तू लिख." ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'मैंने अपनी लापरवाही से हाथ मशीन में डाला. इसमें कंपनी का कोई दोष नहीं.' बाबांनी डाव्या हातानं वाकडी सही केली. मुनीमजींनी माझी पाठ थोपटली. "शाबाश. ये तो साहब बनेगा."

मला आनंद झाला होता. बाप पलंगावर पडला होता, आणि अक्षराचं कौतुक झालं म्हणून मला आनंद झाला होता. त्या कागदावर सेठनं माझी फी भरली. त्याच कागदावर बाबांचं तोंड बंद झालं.

सोहळ्याच्या फिल्मसाठी दोन आठवडे आधी मी बाबांना भनपुरीच्या मिलमध्ये नेलं. त्याच मशीनसमोर खुर्ची ठेवली. लाइट लावले. कॅमेऱ्यामागे सेठजींचा मुलगा उभा होता. सगळे त्याला छोटे भैया म्हणतात.

"बाबा, म्हणा, गलती मेरी थी."

"काहून?"

"फिल्मसाठी."

"चाकावर जाळी नव्हती. साहेबानं काढून ठेवाले लावली होती, ग्रीस लावाले टाइम जाते म्हणून. मी तर ग्रीसच लावून राहिलो होतो."

"कट."

छोटे भैया हसले. "दादा, आपके पिताजी तो नेता निकले!"

मीही हसलो. पुन्हा कॅमेरा सुरू केला. बाबा पुन्हा म्हणाले, जाळी नव्हती. सात वेळा म्हणाले. सातही वेळा मी कट म्हणालो. शेवटी त्यांना म्हटलं, "बाबा, माझी इज्जत घालवता का?"

आठव्या वेळी ते माझ्याकडे बघत म्हणाले, "गलती मेरी थी. हव, मेरी ही थी."

"मस्त," मी म्हणालो.

मस्त म्हणालो मी. बापाला.

तर, हॉटेलचा हॉल. सेठजींचं भाषण लांबलं होतं. बाबांचा हात अजून वरच. बाबांनी मान वळवली आणि मला विचारलं, "आता खाली करू का?"

सेठजींना नाही विचारलं. मला. शहात्तर वर्षांचा माणूस, स्वतःचा हात खाली करायला माझी परवानगी मागत होता. कारण तो हात वर मीच करवला होता.

मी पुढे गेलो. सेठजींच्या मुठीतून बाबांचं मनगट सोडवलं. सेठजींना वाटलं, मी आता पाया पडणार. मी माईक घेतला.

"मशीन पर जाली नहीं थी. गलती इनकी नहीं थी. वो कागज़ झूठा है. मैंने लिखा था."

छोटे भैयांनी हात हलवला आणि माईक बंद पडला. मी तसाच ओरडून बोललो. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. मागे गाणं लावलं. लोक जेवायला उठले.

घरी आल्यावर वाटलं होतं, बाबा काही बरं बोलतील. त्यांनी सदरा खुंटीला लावला. म्हणाले, "एवढी वर्षं काय करून राहिला होता मग?"

मी रात्री कॉम्प्युटर लावून त्यांचे आठही टेक पुन्हा बघितले.

दुसऱ्या दिवशी छोटे भैया ऑफिसात आले. "हार्ड डिस्क दीजिए दादा. सारा शूट कंपनी का है, एग्रीमेंट में लिखा है."

बरोबर होतं. ते एग्रीमेंट मीच लिहिलं होतं.

"नहीं दूँगा."

"पापा ने आपको आदमी बनाया. इस शहर में काम नहीं मिलेगा."

"मत मिले."

काम बंद झालं. भाषणं रद्द झाली. वकिलाची नोटीस आली. आणि एका दुपारी मिलमधला एक माणूस दारात उभा राहिला. तो आता त्याच मशीनवर असतो. म्हणाला, "भैया, जाली ला त ओही दिन खोल दिन."

शूटिंगच्या दिवशी त्या चाकावर चकचकीत जाळी होती. फ्रेममध्ये चांगली दिसेल म्हणून मीच बसवून घेतली होती. आम्ही शूटिंग संपवून निघालो आणि त्याच दिवशी मिलवाल्यांनी ती काढली. आज तिथे या माणसाचा हात आहे.

मी त्याला आत बसवलं. कॅमेरा लावला. "नाव सांगायचं नसेल तर नको सांगू," म्हटलं. तो म्हणाला, "काबर नई बताहूँ? लिख." त्यानं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मी एकदाही मध्ये बोललो नाही.

बाबांचे आठही टेक आणि याचा एक. काहीही न कापता जोडतोय. माझं 'कट' त्यात राहील, माझं हसणं राहील, माझं 'मस्त'ही राहील. सोमवारी पाळी सुटायच्या वेळेला मिलच्या फाटकासमोर पडदा लावणार आहे. पोलिसांनी उचलला तर मंगळवारी दुसरा लावीन. चाकावर जाळी बसेपर्यंत लावीन.