माहेरचं इरकल

मंगळवारी सकाळी आजी गेली. वडिलांनी औशाहून फोन केला. मी नांदेडला कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. वडील म्हणाले, ये. मी किल्ल्या शिपायाकडे दिल्या आणि बसस्टँडवर गेलो.

बस लोह्याच्या पुढे गेल्यावर त्यांचा पुन्हा फोन आला. तिच्या माहेरी कळवायचं का, असं ते विचारत होते. विचारत होते म्हणजे तूच कळव, असं सांगत होते. आजीचं माहेर जळकोटकडच्या एका खेड्यात, आणि त्या घराशी आमचं बोलणं वडिलांच्या लग्नापासून बंद होतं. त्या लग्नात फेटे बांधताना मामाचा मान आधी करायचा, तो गडबडीत राहून गेला. नवरदेवाचा सख्खा मामा, म्हणजे आजीचा एकुलता एक भाऊ, जेवण न करता मांडवातून उठून गेला. फेटा मागाहून पाठवला, तो परत आला. त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं दोन्ही घरांनी आपापलं बरोबर असणं मोठ्या निष्ठेनं सांभाळलं.

भाऊ तर कधीच वारला होता. त्याचा मुलगा, आजीचा भाचा, शेती बघायचा. मी त्याला फोन करून एवढंच सांगितलं की तुमची आत्या गेली, चारला उचलणार आहेत. तो "बरं" म्हणाला आणि फोन बंद झाला. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलेला माणूस. त्या "बरं"चा अर्थ मी लगेच लावला. येणार नाहीत.

माहेरी कळवणं हा नुसता रिवाज नव्हता. आमच्याकडे बाई गेली की न्हाऊ घालून तिला शेवटचं जे नेसवतात, ते माहेरचं असावं लागतं. सासरच्यांनी रेशीम आणलं तरी ते वरून पांघरायचं. अंगाला लागायचं ते भावाच्या घरचं. आजी इतर बाबतींत देवाधर्माची फारशी भीड ठेवणारी नव्हती. उपास सोडायला तिला चहाचं निमित्त पुरायचं. पण या एका गोष्टीवर तिचा जीव अडकलेला होता.

मी अकरावीला लातूरला खोली करून राहत होतो तेव्हा एकदा ती डोळे दाखवायचं सांगून एस.टी.नं आली. डोळ्यांच्या दवाखान्याकडे ती गेलीच नाही. मला गंजगोलाईच्या बाजारात घेऊन गेली आणि एका दुकानात गादीवर बसून तिनं तासभर इरकली लुगडी उलगडून बघितली. शेवटी करड्या रंगाचं, तपकिरी काठाचं एक घेतलं. परतीच्या बसला अजून वेळ होता. बाकावर बसून तिनं दुकानाची पिशवी फेकून दिली, लुगडं स्वतःजवळच्या जुन्या धडप्यात बांधलं, आणि मला समजावलं. स्टँडवर माहेरचा माणूस भेटला, भावानं त्याच्या हाती हे पाठवलं होतं, असं घरी सांगायचं.

मी म्हणालो, खोटं कशाला? भावालाच एक निरोप धाड.

"त्यानं न्हाई म्हणलं म्हंजे?" ती म्हणाली. "मला लबाड म्हणलं तरी चालंल, बाळा. पर हिला भाऊ न्हाई असं कुणी म्हणू नये. तुझ्या गळ्याची आन हाय, कुणाला सांगायचं न्हाई."

गळा माझा होता, आणि शपथही मलाच पाळायची होती. मी हो म्हणालो.

औशात ही बातमी दोन दिवसांत आमच्या गल्लीत पसरली. बोलत नसला तरी भावाला आतून माया आहे, असं बायका म्हणू लागल्या. वडिलांनी लुगडं हातात घेऊन बघितलं आणि मामांची निवड चांगली आहे, असं प्रमाणपत्र दिलं. त्यापुढे मात्र एक पाऊल कुणी टाकलं नाही. लुगडं आलं, आता फेटा घेऊन आपण जावं, असं कुणाला सुचलं नाही. माया आहे हे एकदा कळल्यावर जाण्याची गरजच उरली नाही.

आजीचा अंदाज एकाच बाबतीत चुकला, स्वतःच्या आयुष्याच्या. वर्षा-दोन वर्षांची बेगमी करावी तसं तिनं ते लुगडं ट्रंकेत ठेवलं होतं. ती पुढे पंचवीस वर्षं जगली. भाऊ तिच्या आधी गेला. निरोप तिसऱ्या दिवशी आला, तोही जळकोटच्या बाजाराला जाऊन आलेल्या कुणाकडून तरी. तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, त्या दिवशी जेवली नाही, आणि संध्याकाळी मला म्हणाली, "आता त्यानं पाठवलं न्हाई असं सांगणारं कुणी राहिलं न्हाई." याचं तिला वाईट वाटत होतं की सुटल्यासारखं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मध्ये समोरच्या घरातली शिवणकाम करणारी बाई गेली. तिला माहेर असं नव्हतंच. बायका दारात कुजबुजत उभ्या राहिल्या तेव्हा आजीनं ट्रंक उघडली आणि हिच्या माहेरच्यांनी माझ्याकडे ठेवायला दिलं होतं, असं सांगून करडं इरकल देऊन टाकलं. कुणी जास्त विचारलं नाही. महिन्याभरानं तिच्याच पैशानं मी लातूरहून तसंच दुसरं आणलं. काही वर्षांनी तेही असंच गेलं, मागच्या गल्लीतल्या एका म्हातारीला. तिसऱ्या वेळी तो रंग कुठे मिळेना. मी जरा गडद आणलं.

"काळं दिसायलंय," ती म्हणाली.

मी म्हणालो, आता हेच आहे.

"ऱ्हाऊ दे. ट्रंकेत राहून काळं पडलं म्हणीन."

भावानं एकदाही न पाठवलेलं लुगडं आजीनं असं तीनदा विकत घेतलं.

मंगळवारी दुपारी दोनला मी औशाला पोचलो. तिला न्हाऊ घालायची तयारी झाली होती. शेजारची काकू दारात येऊन म्हणाली, "माहेरचं कुणी यायलंय का? न्हाईतर थांबून काय करायचं, ट्रंकेत हायेच की." सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण फोन मी केला होता. मी एक तास थांबा म्हटलं असतं तर थांबले असते. मी म्हणालो, येतील असं वाटत नाही.

त्यांनी गडद इरकल काढलं आणि तिला नेसवलं. काकू बाहेर येऊन म्हणाली की भावाचंच नेसून चालली, नशीबवान आहे.

तीन वाजता दारात जीप थांबली. तिच्यातून भाचा उतरला, बायको उतरली, आणि भाच्याच्या हातात उदगीरच्या एका दुकानाची पिशवी होती. तो ओसरीत आला, वडिलांच्या पाया पडला. वडिलांनी त्याला उठवून मिठी मारली, आणि इतक्या वर्षांचा फेटा एका मिनिटात सुटला. मग भाच्यानं पिशवीतून लुगडं काढलं. घाईत घेतलेलं, झगझगीत मोरपंखी, कुठल्याही नव्वदीच्या बाईला न शोभणारं.

काकू म्हणाली, "माहेरचं तर नेसवलं की. तुमच्याच वडलांनी पाठवलेलं. हे वरून घाला."

भाच्यानं लुगडं काकूच्या हातात दिलं. थोड्या वेळानं त्यानं मला बाजूला, हौदाकडे नेलं. मी नांदेडच्या कॉलेजात असतो म्हणून तो मला सर म्हणू लागला.

"सर, माझ्या बापानं कधी काय पाठवलं न्हाई हो. लई हट्टी माणूस. आत्याचं नाव काढू देत नव्हता. मग हे कुणी आणलं?"

खरं सांगायची तीच वेळ होती. मी आत जाऊन दोन शब्द बोललो असतो तर बायकांनी लुगडं बदललं असतं, आणि तिला आयुष्यभर हवं होतं ते तिच्या अंगाला लागलं असतं. पण मग तिचं पंचवीस वर्षांचं खोटं तिच्यासमोरच, ती उठून उत्तर देऊ शकत नसताना, सगळ्या गल्लीत उघडं पडलं असतं. तिला काय हवं होतं आणि तिनं मला काय सांगून ठेवलं होतं, या दोन गोष्टी त्या दिवशी वेगळ्या झाल्या. मी तिनं सांगितलेलं धरून चाललो. ते मला जास्त जमतं.

"तुमच्या वडलांनीच पाठवलं होतं," मी म्हणालो. "लातूरच्या स्टँडवर. मी होतो तिथं."

तो हौदाच्या कडेला बसला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं तोंडावर धरली. "आम्हाला बोलला न्हाई बगा," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

चार वाजता उचललं. मोरपंखी लुगडं सगळ्यांत वर होतं. स्मशानात वरची वस्त्रं काढून ठेवतात आणि ती तिथल्या माणसाला मिळतात. भावाच्या घरून खरोखर आलेलं एकुलतं एक लुगडं त्यानं घडी करून काखेत धरलं. खालचं, मी गंजगोलाईतून आणलेलं, तिच्याबरोबर गेलं.

आता भाचा दिवाळीला येतो, आम्ही त्याच्याकडे जातो. मागच्या वर्षी त्याच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर तो व्याह्यांना सांगत बसला की त्याचा बाप वरून दगड, आतून लोणी. बाजाराला म्हणून लातूरला जायचा आणि बहिणीसाठी स्वतः पारखून इरकल घ्यायचा. घरी कळू नये म्हणून पिशवीसुद्धा फेकून द्यायचा. पिशवीचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, ते त्यानं स्वतःच रचलं. मग तो म्हणाला, "सरांनी डोळ्यानं बघितलंय." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वडिलांचे डोळे भरून आले होते.

हे लिहून काढायला मला भीती वाटत नाही. आमच्या दोन्ही घरांत पुस्तक हातात घेणारा मी एकटाच आहे.

औशाच्या घरात वडील राहतात. तिच्या माहेरी आमचं येणंजाणं आहे. खरं काय झालं ते दोघांना माहीत होतं, आता एकाला आहे.