कडकडाटातली सम
बाळांनो, मामाआजोबांच्या गाण्याची रेकॉर्ड आहे का, असं तुम्ही पत्रात विचारलंत, आणि आज इथं वळवाचं आभाळ गडगडतंय, म्हणून हे आजच लिहिते. माझा थोरला भाऊ, अण्णा, शहापुरातला आमचा विणकामाचा माग सोडून गाण्यासाठी मुंबईला गेला, तेव्हापासून आमचे वडील, आप्पा, त्याचं नावसुद्धा घेत नव्हते. तो पहिल्यांदा रेडिओवर गाणार होता त्या संध्याकाळी आई नि मी खडेबाजारात घड्याळवाल्याच्या दुकानात, त्याच्या रेडिओपुढं जाऊन बसलो. थोड्या वेळानं पाहते, तर आप्पा दारात उभे. "आप्पा, सूत पलीकडच्या गल्लीत मिळतंय की!" घड्याळवाला हसला. "वळीव आलाय, आडोशाला थांबलोय," आप्पा म्हणाले. रेडिओच्या काचेमागं पिवळा उजेड होता, आणि लांब कुठं वीज चमकली की आत फुटाणे फुटल्यासारखी कडकड व्हायची. अण्णाचा आवाज तिच्यात बुडायचा आणि पाण्याखालून यावा तसा तरंगत वर यायचा. एकदा तो बुडाला, तो वर येईचना. "गेलं गं माझ्या लेकराचं गाणं," आई म्हणाली. "गप. चाललंय त्येचं," आप्पा म्हणाले. त्यांची बोटं दाराच्या चौकटीवर ठेका धरून होती, त्या कडकडाटातही न थांबता. मग कडकड विरली, आणि अण्णा नेमका त्यांच्या थापेवर समेला आला. आप्पा आत येऊन आईशेजारी बसले. "दिवाळीला ये म्हणून लिव्ह त्येला," मला म्हणाले. ते गाणं कुणी उतरवून ठेवलं नाही. आप्पांचा ठेका तेवढा मला अजून धरता येतो.